थोरल्याचं वजन

आईला मधाच्या पेट्यांजवळ चक्कर येऊन सतरा दिवस झाले होते, आणि त्या सतरा दिवसांत घरात दुसरा विषय निघाला नव्हता. झालं होतं एवढंच, की सकाळी इन्सुलिन टोचून ती काही न खाता पेट्या बघायला गेली, साखर उतरली आणि कुंपणाशी आडवी झाली. धाकट्यानं तिच्या हिरड्यांना साखर चोळली. ती डोळे उघडायची, ओळखीचं काही दिसल्यासारखं करायची आणि पुन्हा मिटायची. मग त्यानं तिला पाठुंगळी घेतलं, उतार उतरून ओढ्यावरचा साकव ओलांडला, पलीकडचा चढ चढून डांबरी रस्त्यावर आला आणि गाडीची वाट बघत बसला. खालच्या गावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाच तास गेले होते. डॉक्टरांनी सलाइन लावलं. तासाभरानं आई उठून बसली आणि पहिला प्रश्न तिनं विचारला तो पेट्यांची झाकणं लावलीत का, हा.

शहरातून थोरल्याचा फोन आला, की आता पुरे. पहिल्या दोन रविवारी त्याला जमलं नाही, पण तिसऱ्या रविवारी तो आणि मधली बहीण एकाच गाडीनं आले, गाडी रस्त्याच्या कडेला लावून साकवावरून चालत वर आले, आणि चहा घ्यायच्या आधीच बोलणं सुरू झालं.

धाकट्याची बायको, सूनबाई, स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, पण कान बाहेरच्या खोलीकडे होते. थोरल्याची बायको मुलांच्या परीक्षांमुळे आली नव्हती, त्यामुळे बायकांच्या बाजूनं ती एकटीच. थोरला सांगत होता, की त्याच्याकडे आईसाठी खोली तयार आहे, खिडकी पूर्वेकडे आहे आणि हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर. मधली त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तीही त्याच्याच बाजूनं बोलत होती. रक्तातली साखर कुणासाठी थांबत नाही, पाच तास म्हणजे चेष्टा नव्हे, या वेळी निभावलं म्हणून दरवेळी निभावेल असं नाही. धाकटा एकच मुद्दा धरून बसला होता. आई शहरात त्या खिडकीत बसून करणार काय? इथं तिच्या पेट्या आहेत, तिचं अंगण आहे, इथं ती दिवसभर पायांवर असते. तिथं नेलंत तर सहा महिन्यांत ती म्हातारी होईल.

आई मधोमध बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. चर्चा दुसऱ्याच कुणाबद्दल चालली असावी असा तिचा चेहरा होता.

सूनबाईला सातवा लागला होता. गेल्या तासाभरात दवाखाना, रस्ता, गाडी, साकव हे शब्द पन्नास वेळा उच्चारले गेले, पण त्या शब्दांत ती कुठं बसते हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला शहरात जायचं होतं. नवऱ्याला ती हे सांगू शकली नव्हती, कारण लग्न होऊन आली तेव्हा तीच म्हणाली होती, की मला इथंच आवडतं, आणि ते खोटंही नव्हतं. आवडायचंच. पण रोज पहाटे जाग आली की ती मनातल्या मनात साकवापर्यंतचा उतार मोजायची. आईंची बाजू घेणं म्हणजे इथं राहणं, आणि भाऊजींची बाजू घेणं म्हणजे आईंना घराबाहेर काढणं. भाजी निवडून संपली तरी ती ताट पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली.

या घरात एक जुना विनोद होता. थोरला आणि मधली याच घरात जन्मलेले, आणि एकटा धाकटा शहरातल्या हॉस्पिटलात. त्यामुळे त्याला लहानपणी ‘शहरी बाबू’ म्हणत, आणि तोच नेमका इथं मातीत राहिला, यावर सगळे हसत. तो एकटाच का शहरात जन्मला, असं सूनबाईनं एकदा आईंना सहज विचारलं होतं. तेव्हा आई दूध उतू जातंय का ते बघायला उठून गेल्या होत्या. गॅसवर दूध नव्हतंच.

*

जेवणं झाल्यावर मधलीनं बाबांची औषधांची पेटी काढली.

बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. तीस वर्षं त्यांनी घाटातला रस्ता राखला, दरडी हटवल्या, खड्डे भरले, आणि त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र शेवटपर्यंत रस्ता आला नाही. लोक यावरून त्यांना चिडवत. ते म्हणत, रस्ता आला की पाहुणे येतात. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. पेटी कामावरचीच होती, पत्र्याची, पिवळ्या रंगाची, आणि ती कपाटावर कधीच नसायची. दाराच्या आत, डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. अंधारातसुद्धा हात पोचला पाहिजे, असं बाबांचं म्हणणं.

मधलीनं झाकण उघडलं आणि तो वास आला. टिंक्चर, कापूस, जुना पत्रा, आणि त्यात कुठंतरी बाबांची तंबाखू. ती बेचाळीस वर्षांची होती, वॉर्डात रोज याहून कितीतरी गोष्टी बघत होती, पण क्षणभर ती खालीच बसली. झाकणाच्या आत चिकटवलेला कागद पिवळा पडला होता. बाबांचं ठसठशीत अक्षर. कुणाकडे गाडी आहे, ती कुठल्या वारी कुठं जाते. कुणाच्या घरी दिवसा माणूस असतो. कुणाला ओझं उचलवतं. त्यातली निम्मी माणसं आता नव्हती.

आणि सगळ्यांत खाली: पांढरी चादर एक, डॉक्टर. दोन, गाडी.

समोरच्या उतारावर दूधवाल्याचं घर होतं. त्या काळी अख्ख्या खोऱ्यात फोन त्या एका घरी. बाबांनी आणि दूधवाल्याच्या वडिलांनी मिळून ठरवलं होतं, की अडचण आली तर माळ्याच्या कठड्यावर चादर टाकायची. दूधवाले दूध काढायला उठले की आधी समोर बघत, मग म्हशींकडे. मधलीला आठ वर्षांची असताना न्यूमोनिया झाला तेव्हा एक चादर पडली होती, मग दुसरी. बाबा आणि दूधवाल्याचे वडील तिला स्ट्रेचरवर घालून घेऊन गेले होते. स्ट्रेचर म्हणजे कामावरची ताडपत्री दुमडून शिवलेली आणि तिच्यात दोन बांबू. बाबा पुढं होते आणि सारखे ओरडून सांगत होते, डावीकडं दगड, उजवीकडं पाणी, आता चढ. तिला वाटलं होतं, ते तिलाच गोष्ट सांगताहेत. ताप होता, तरी तो प्रवास तिला आयुष्यातल्या सुखाच्या गोष्टींपैकी एक वाटत आला होता. नर्स व्हायचं तिनं बहुतेक तिथंच ठरवलं.

ती मुदत संपलेली औषधं बाजूला काढू लागली. नऊ वर्षांपूर्वीच्या गोळ्या, सुकलेली मलमं, पारा अडकलेला थर्मामीटर. आईनं त्या ढिगातून एक मलमाची ट्यूब उचलली. तिच्यावर बाबांनी चिठ्ठी चिकटवली होती, ‘भाजलं तर. आधी पाणी.’ आई म्हणाली, औषध टाक, पण हे राहू दे. मधलीनं ट्यूब कोरडी पिळून काढली आणि आईच्या हातात दिली.

मग तिनं कागद मागितला. सुरुवातीला ती नुसती कामाला लागली होती, पण लिहिता लिहिता तिचं मत फिरत गेलं. साखरेच्या पुड्या तीन ठिकाणी, एक पेट्यांपाशी. इन्सुलिनचं म्हणजे आधी न्याहारी, मग सुई, आणि ती धाकट्यासमोर. फोनला रेंज फक्त वरच्या टाकीपाशी येते, म्हणून टाकीपाशी नंबरांचा पत्रा ठोकायचा. गळ्यात शिट्टी. प्रत्येकाचा रक्तगट, औषधं, सगळं एका कागदावर, पेटीच्या झाकणात. रक्त येत असेल तर कुठं आणि किती दाबायचं हे तिनं धाकट्याला आणि सूनबाईला तिथंच शिकवलं, साप चावला तर दोरी बांधायची नाही आणि चालायला लावायचं नाही हेही. धाकटा शाळेतल्यासारखा लिहून घेत होता. दुपार कलेपर्यंत मधली थोरल्याच्या बाजूनं राहिली नव्हती. एवढं सगळं नीट लावलं तर आईनं इथं राहायला काय हरकत आहे, असं तिनं म्हणून टाकलं.

थोरला खिडकीत उभा होता. आपण एकटे पडलो हे त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, कागदावर सगळं ठीकच असतं. इथून रस्त्यापर्यंत माणूस न्यायला किती वेळ लागतो ते आधी मोजा. धाकटा म्हणाला, मोजू की. आता मोजू. थोरल्यानं विचारलं, आणि नेणार कुणाला?

मधलीनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वजन किती तुझं? तो म्हणाला, अठ्ठ्याऐंशी. ती म्हणाली, मग झालंच. तुला नेता आलं तर कुणालाही नेता येईल.

*

ताडपत्री माळ्यावर होती. बांबू नवे घातले. हाक मारल्यावर समोरून दूधवाला आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. ती रोज दुधाचे कॅन खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेत असे. ती आणि दूधवाला मागच्या बाजूला लागले, धाकटा आणि मधली पुढं. सूनबाईनं घड्याळ आणि वही घेतली. आई काठी घेऊन पाठोपाठ निघाली. तिला कुणी थांब म्हटलं नाही, कारण ती थांबली नसती.

थोरला पाठीवर पडून आकाश बघत होता. सुरुवातीला सगळे हसत होते. दूधवाला म्हणाला, भाऊ, शहरात काय खाता ते आम्हालाही कळवा. पहिल्या वळणावर धाकट्याचा पाय घसरला, स्ट्रेचर कलंडलं आणि थोरल्यानं दोन्ही हातांनी बांबू धरले. मधलीनं त्याला झापलं. पेशंट बांबू धरत नाही, तू बेशुद्ध आहेस. तो हात छातीवर घेऊन गप पडला.

मग धाकट्यानं बाबांसारखं ओरडायला सुरुवात केली. डावीकडं दगड. आता पायरी. पायरी मोठी आहे.

थोरला ही वाट पाठीवर पडून प्रथमच बघत होता. झाडांचे शेंडे तेच होते. वाटेवर वाकलेली ती फांदी, जिला उडी मारून हात लावायचा. एका जागी ओलसर गार हवा लागते, ती अजून लागली. तेरा वर्षांचा असताना याच वाटेनं तो धावत खाली गेला होता, धुक्यातून, एका पायात बूट आणि दुसऱ्यात वहाण, कारण दुसरा बूट शोधायला वेळ नव्हता. त्या दिवशी धुकं इतकं होतं की कठड्यावर दोन चादरी टाकूनही समोरून काही दिसण्यासारखं नव्हतं, आणि दूधवाल्यांचा फोनही पावसानं बंद पडला होता. आईला कळा सुटून रात्र उलटली होती. बाबा तिला सोडून जाऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी त्याला पाठवलं.

साकवाशी चौघांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. सूनबाईनं वेळ सांगितली, चौतीस मिनिटं. साकव अरुंद होता. माणसं बदलून एका रांगेत जावं लागणार होतं. दूधवाला आणि त्याची बायको ओढ्यावर हात धुवायला गेले. थोरला उठला नाही. धाकटा म्हणाला, दादा, ऊठ, जरा पाय मोकळे कर. तो तसाच पडून राहिला. त्याचा चेहरा बघून मधलीनं त्याची नाडी धरली.

“मला काही झालेलं नाही,” थोरला म्हणाला. “आई कुठं आहे?”

आई नुकतीच येऊन पोचली होती. ती त्याच्या डोक्याशी दगडावर टेकली.

तो आकाशाकडे बघूनच बोलला. त्या दिवशी खालच्या गावात नर्सबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दुसरीकडे बाळंतपणाला गेल्यात, येतीलच. बाबांनी सांगितलं होतं, बाई नसल्या तर थांबू नकोस, तसाच पुढं फाट्यावर डॉक्टरांकडे जा.

“मी सांगितलं होतं की डॉक्टर घरी नव्हते,” तो म्हणाला. “मी गेलोच नव्हतो, आई. त्यांच्या फाटकात तो कुत्रा होता. मला त्याची भीती वाटायची. मी बाईंच्या पायरीवर दोन तास बसून राहिलो. येतील, येतील म्हणत.”

ओढ्याच्या पाण्याचा आवाज येत होता. धाकटा काहीच न कळून एकदा आईकडे, एकदा ताईकडे बघत होता. त्याच्या आणि मधलीच्या मध्ये एक मुलगी झाली होती, हे त्याला माहीत होतं. ती राहिली नाही, एवढंच. घरात याहून जास्त कुणी कधी बोललं नव्हतं.

*

आईला वाटलं होतं, हे सांगायची वेळ येणारच नाही. थोरला शिकायला शहरात गेला, नोकरी लागली, लग्न झालं, आणि दरवर्षी तो इथं येऊन दुसऱ्या दिवशी निघायचा. तिला वाटायचं, मोठ्या माणसाची घाई असेल. बाबा म्हणायचे, त्याला राहू दे त्याच्या वाटेनं. दोघांनीही चूक केली होती, हे तिला त्याच्या डोक्याशी बसल्यावर कळलं.

ती म्हणाली, मला माहीत होतं. नंतर आठ-दहा दिवसांनी डॉक्टर मला तपासायला वर आले होते. बाबांनी त्यांना विचारलं, त्या दिवशी कुठं होतात? ते म्हणाले, घरीच होतो की, दिवसभर. धुक्यात कोण बाहेर पडतंय.

थोरला उठून बसला.

“बाबांना माहीत होतं?”

“त्याच दिवसापासून.”

“आणि त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.”

“काय विचारणार होते? ते माझ्याजवळ बसून म्हणाले, तेरा वर्षांच्या पोराला धाडलं ही माझी चूक. त्याची नाही. मग ते उठले आणि ती पेटी रंगवायला घेतली.”

थोरल्यानं इतकी वर्षं ती पेटी, ती यादी, धुक्यात ऐकू जावी म्हणून चादरीच्या जोडीला टांगलेली घंटा, ते स्ट्रेचर, सगळं वेगळ्याच अर्थानं वाचलं होतं. त्याला वाटायचं, बाबा न बोलता रोज त्यालाच काहीतरी सांगताहेत. दारातून आत येताना डाव्या हाताला ती पिवळी पेटी दिसली की त्याला घरात थांबवायचं नाही.

आई म्हणाली, पुन्हा कुठल्या मुलाला धावत जावं लागू नये, म्हणून ते सगळं केलं त्यांनी. आणि याच्या वेळी, तिनं धाकट्याकडे मान वळवली, मला दोन महिने आधीच शहरात नेऊन ठेवलं.

थोरल्यानं विचारलं, मी वेळेवर गेलो असतो तर ती वाचली असती का?

आईला सोपं उत्तर देता आलं असतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण तुला त्या पायरीवर एकट्याला बसायला लागलं, याचं मला आजवर वाईट वाटत आलंय.”

मधली तोंड फिरवून ओढ्याकडे बघू लागली. थोरला रडला नाही, पण आईचा हात त्यानं धरला तो बराच वेळ सोडला नाही. दूधवाला हात पुसत येत होता, त्याला त्याच्या बायकोनं बाहीला धरून तिथंच थांबवलं.

मग आई सूनबाईकडे वळली. वही छातीशी धरून ती जराशी बाजूला उभी होती. आई म्हणाली, आपण सकाळपासून माझंच घेऊन बसलोय. मी एक म्हातारी, माझं काय. हिला कोण विचारतंय? मग ती थोरल्याला म्हणाली, तुझी पूर्वेची खोली मला नको, पण हिला नववा लागला की आम्ही दोघी येऊ. बाळ जरा बाळसं धरेपर्यंत राहू. मग मी परत माझ्या पेट्यांकडे.

धाकट्याला ते लागलं. सगळे मिळून आपल्याला न विचारता ठरवताहेत असं त्याला वाटलं. तो बायकोला म्हणाला, तुला तर इथंच आवडतं म्हणालीस. ती म्हणाली, आवडतंच. आणि थोडं थांबून म्हणाली, “पण मला रोज भीती वाटते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

धाकटा वाकला, स्ट्रेचरचा बांबू उचलला आणि थोरल्याला म्हणाला, दादा, पड परत. अजून चढ राहिलाय.

रस्त्यापर्यंत एकूण एक तास अकरा मिनिटं लागली. थोरल्यानं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, फार होतात. त्या संध्याकाळी त्याला परत निघायचं होतं, तो निघाला नाही. त्यानं ऑफिसला कळवून आठवडाभराची रजा घेतली आणि दोघा भावांनी मिळून साकवाच्या उतारावर पायऱ्या खोदल्या, दोन वळणं रुंद केली आणि साकवाचे कठडे बाहेरच्या बाजूला सरकवून घेतले, म्हणजे स्ट्रेचर सरळ जाईल. काम करताना ते बाबांबद्दल बोलायचे. लहानपणी बाबा कसे झोपेतसुद्धा दरडीचा आवाज ओळखायचे, शिट्टी कशी वाजवायचे, रविवारी कापडी टोपी धुऊन माठावर कशी वाळत घालायचे. धाकट्याला जे बाबा माहीत होते ते म्हातारे, शांत. थोरल्याला जे माहीत होते ते तरुण आणि तापट. दोघांनी आपापले बाबा एकमेकांना सांगितले. आई अंगणातून ऐकायची आणि मधूनच कुणाची तरी चूक दुरुस्त करायची. चौतीस वर्षांचा माणूस तापट नव्हता, थकलेला होता, असं तिचं म्हणणं.

*

नववा लागायला चार दिवस बाकी असताना, सकाळी साडेदहाला, सूनबाईचं पाणी गेलं.

बॅगा भरलेल्या होत्या. धाकटा टाकीकडे पळाला. पत्र्यावरचा पहिला नंबर दूधवाल्याचा, दुसरा ॲम्ब्युलन्सचा, तिसरा थोरल्याचा. ॲम्ब्युलन्सला फाट्यापर्यंत यायलाच दीड तास होता, म्हणून दूधवाल्यानं कॅन उतरवून गाडी रस्त्याला लावली आणि तो बायकोसह वर आला. सूनबाई स्ट्रेचरवर होती. आई घरी थांबली नाही. तिनं आधी न्याहारी केली, सगळ्यांसमोर, कारण तिला कुणाला बोलायला जागा द्यायची नव्हती. मग सुई घेतली, मग काठी.

धाकटा पुढं होता. डावीकडं दगड, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की तिथं आता दगडच नाही. तो म्हणाला, पायरी आहे, रुंद आहे. आता दुसरी. सूनबाई डोळे मिटून पायऱ्या ऐकत होती. कळ आली की ती दूधवालीचं मनगट धरायची, आणि दूधवाली चालणं न थांबवता म्हणायची, धर, अजून जोरात धर.

रस्त्यापर्यंत सेहेचाळीस मिनिटं. फाट्यावर ॲम्ब्युलन्स आणि तिच्या मागं थोरल्याची गाडी, दोन्ही उभ्या होत्या. मधली ॲम्ब्युलन्समधूनच आली होती. तिनं दार आतून लावून घेतलं आणि मग कुणाला काही कळलं नाही, ते थेट हॉस्पिटलात.

मुलगी दुपारी अडीचला झाली. पावणेदोन किलो. तिला श्वास नीट घेता येत नव्हता, म्हणून लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. पुढं अकरा दिवस ती तिथंच राहणार होती आणि मग नाक लाल करून रडत घरी येणार होती, पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, की तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. धाकटा बायकोच्या उशाशी होता. मधलीची ड्यूटी नव्हती, तरी ती एप्रन घालून आत जाऊन-येऊन होती.

आई आणि थोरला काचेच्या खिडकीशी उभे होते. आत नळ्या, दिवे, आणि मधोमध एवढीशी पाठ वर-खाली होत होती. थोरला तिच्या श्वासांबरोबर श्वास घेत होता, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, की तिचं नाव ठरलं होतं.

कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही.

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत,” तो म्हणाला.

“बाबांनी ठरवलं होतं. मुलगी झाली तर, म्हणून. मग कधी उच्चारलं नाही आम्ही.”

तिनं नाव सांगितलं. लहान, तीन अक्षरी नाव होतं. थोरल्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, बहिणीला हाक मारावी तसं. खिडकीची काच त्याच्या श्वासानं धुरकटली.

“छान आहे,” तो म्हणाला.

“आहे ना?” आई म्हणाली. मग तिनं त्याच्या दंडाचा आधार घेतला, आणि दोघं खाली चहा प्यायला गेले.